परमुलखातली मास्तरकी



‘हे मास्तर परदेशात नोकरी करून आले’ असे कुणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लंडन नाहीतर अमेरिका उभी राहते. माझ्या बाबतीत तसे काही मनात आणू नका. मी गेलो होतो आफ्रिकेत, इथिओपिया नावाच्या देशात. आपले जुने लोक त्याला हबसाण म्हणत. तिथल्या एका विद्यापीठात २००७ ते २००९ अशी दोन वर्षे मी इंग्रजी शिकवले. आज त्या दोन वर्षांबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे. त्यात प्रवासाच्या गमती आहेत, मित्रांची सोबत आहे, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. पुष्कळ दिवस ती मी कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण हे भाषण ऐकणाऱ्यांत माझे शिक्षक बांधव पुष्कळ असतील.

माझे गाव लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या बाजूला. कोरडवाहू जमीन, ज्वारी आणि तूर ही पिके. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे लातूरला कॉलेज केले आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात इंग्रजीचे एम.ए. केले. त्यानंतर तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे शिक्षक श्रोत्यांना सांगायला नको. तास घेतला तर पैसे, आणि तेही बिल मंजूर होईल तेव्हा. सकाळी एका गावच्या कॉलेजात, दुपारी दुसऱ्या गावच्या; निम्मी कमाई एस.टी.च्या तिकिटात जायची. घरी बहिणीचे लग्न ठरत होते आणि सोसायटीचे कर्ज थकले होते.

अशा वेळी लातूरच्या एका वर्गमित्राने वर्तमानपत्रातली जाहिरात आणून दाखवली. त्या काळी इथिओपियात एकामागून एक नवी विद्यापीठे उघडत होती. २००० सालच्या सुमारास तिथे विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या दहा वर्षांत ती वीसच्या वर गेली. इमारत दोन वर्षांत उभी राहते, पण मास्तर काही दोन वर्षांत तयार होत नाही. म्हणून त्यांचे सरकार भारतातून माणसे बोलवीत होते. ही चाल तिथे जुनीच आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या अमदानीत, १९५० आणि १९६०च्या दशकांत, तिथल्या शाळांतून भारतीय मास्तर, विशेषतः केरळचे, पुष्कळ होते. मला पुढे असे कितीतरी वृद्ध भेटले, की भारतीय माणूस दिसला म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुम्ही मास्तर का?’

दिल्लीला मुलाखत झाली आणि आम्हा दोघांचीही निवड झाली. घरी सांगितले तेव्हा बापू काही बोलले नाहीत, नुसते उठून गोठ्यात गेले. मायने मात्र विचारले, “लेकरा, तिकडं भाकर मिळती का रे?” मी म्हणालो, “मिळत असंल की.” खरे म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हते.

लातूरहून मुंबईला जायला रेल्वेने एक अख्खी रात्र लागली, आणि मुंबईहून अदिस अबाबा ही इथिओपियाची राजधानी गाठायला विमानाने सुमारे सहा तास. उतरून पाहतो तो शहरभर कमानी आणि पताका, आणि त्यांवर मोठा आकडा: २०००. माझ्या पासपोर्टवर तर २००७ साल आणि सप्टेंबर महिना! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्या लोकांची कालगणना इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. त्यांचे वर्ष तेरा महिन्यांचे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा चिमुकला महिना पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा दिवसांचा. १२ सप्टेंबर २००७ या दिवशी त्यांचे २००० साल लागले होते, त्याचा तो उत्सव. आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही इंग्रजी सन वेगळा, शालिवाहन शक वेगळा, आणि निजामी अमलातले फसली साल तिसरेच.

त्याहून गमतीचे त्यांचे घड्याळ. सूर्य उगवला की त्यांचा दिवस सुरू होतो. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो, तेव्हा त्यांचा एक वाजतो. आपल्या दुपारच्या बाराला त्यांचे सहा. इथिओपिया विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे तिथे बाराही महिने दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते. म्हणून हा हिशेब त्यांना सोयीचा पडतो. या घड्याळाने आम्हाला पुढे चांगलाच हिसका दाखवला. ते ओघाने येईलच.

आमची नेमणूक अम्हारा प्रांतात, ताना सरोवराच्या बाजूला होती. निळी नाईल नदी निघते ती या सरोवरातून. तिथे आम्हा भारतीय शिक्षकांत चौघांची जोडी जमली. मी, माझा लातूरचा मित्र, निजामाबादचा एक मुसलमान तरुण आणि केरळचे गणिताचे एक सर. निजामाबाद म्हणजे नांदेडचा शेजार. त्याला आमची मराठी बरीच कळे, आणि आमची मराठवाडी हिंदी जगात फक्त त्यालाच कळे. केरळचे सर पन्नाशीचे होते. आम्ही त्यांना ‘चेट्टन’ म्हणत असू. मल्याळीत थोरल्या भावाला तसे म्हणतात. चौघे मिळून सुटीच्या दिवशी फिरायला निघायचो. निळ्या नाईलचा मोठा धबधबा आमच्यापासून जवळ होता. त्याचे नाव ‘तिस अबाय’, म्हणजे अबाय नदीचा धूर. पावसाळ्यानंतर पाहिला तेव्हा आपल्या किनवटकडचे सहस्रकुंड आठवले. पुढे उन्हाळ्यात गेलो तर धार बारीक झालेली. पाणी वीजघराकडे वळवले होते.

आता मायच्या प्रश्नाचे उत्तर देतो. भाकर मिळाली नाही, पण भाकरीची थोरली बहीण भेटली. तिथले मुख्य अन्न ‘इंजेरा’. तेफ नावाचे खसखशीएवढे बारीक धान्य असते, त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर डोशासारखे पसरवतात. त्यावर कालवण वाढतात आणि सगळे एकाच ताटात जेवतात. कालवणात एक प्रकार ‘शिरो’. हरभरा-वाटाण्याच्या पिठाचा, तिखट. पहिला घास घेतला आणि लातूरचा मित्र ओरडलाच, “अरे, हे तर पिठलं!” बुधवार आणि शुक्रवार त्यांचे उपवासाचे वार. त्या दिवशी मांस, दूध, अंडे काही चालत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या शाकाहारी माणसाची चंगळ. एकदा खेड्यात शेते पाहिली तर त्यात पिवळ्या फुलांचे पीक डोलत होते. जवळ जाऊन पाहतो तर कारळे! ते त्याला ‘नुग’ म्हणतात आणि त्याचेच तेल खातात. ज्वारीला ते ‘मशिला’ म्हणतात. शेतकरी बांधवांनो, आपण ज्वारीला आपली म्हणतो. पण शास्त्रज्ञ सांगतात की ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. आपली नाचणीही तिकडचीच. कोणत्या तरी जुन्या काळी समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली आणि आपलीच झाली. मायला मी पत्रात लिहिले, ‘तुझ्या भाकरीचं माहेर इथं आहे.’

असो. खाण्यापिण्याचे पुष्कळ झाले. आता वर्गात चला.

वर्गात साठ मुले. बहुतेक खेड्यांतली, शेतकऱ्यांची. त्यांच्या शिक्षणाची रीत अशी होती की लहान वर्ग मातृभाषेतून, आणि नववीपासून पुढे सगळे विषय इंग्रजीतून. म्हणजे आठवीपर्यंत मूल आपल्या भाषेत हसत-खेळत असते आणि नववीला एकदम नदीत ढकलल्यासारखे होते. माध्यमिक शाळांतून तर २००४ सालापासून मोठे टी.व्ही. बसवले होते. त्यावर उपग्रहावरून इंग्रजीत धडे येत. पडद्यावरचा मास्तर बोलत राही. मुलाला कळले नाही तरी तो थांबत नसे, कारण त्याला मूल दिसतच नसे. श्रोतेहो, आज मीही तुम्हाला न पाहताच बोलतो आहे. परंतु मी निदान तुमच्या भाषेत बोलतो आहे, हा फरक लहान नाही.

हे सगळे मला पुढे कळले. पहिल्या तीन महिन्यांत मला एवढेच दिसे, की मुले बोलत नाहीत. प्रश्न विचारला की खाली माना. मी सव्वीस वर्षांचा, परदेशी प्राध्यापक. अंगात नवा कोट आणि डोक्यात नवी हवा. शेवटच्या बाकावर एक उंच, हडकुळा मुलगा बसायचा. चुरगळलेली पांढरी शाल पांघरून येई, कारण उबदार कपडे त्याच्याजवळ नसावेत. डिसेंबरात एकदा मी त्याला उभे करून उतारा वाचायला लावला. तो अडखळत वाचू लागला. मी प्रत्येक शब्दाला थांबवून त्याचा उच्चार दुरुस्त केला. चौथ्या-पाचव्या शब्दाला वर्ग हसू लागला. मला वाटले, वर्गात जिवंतपणा आला! आणि मी इंग्रजीत विचारले, “तुला इंग्रजी कोणत्या शाळेत शिकवले? शिकवणाऱ्याला स्वतःला येत होते का?” वर्ग पुन्हा हसला. तो मुलगा हसला नाही. त्याने पुस्तक मिटले आणि खाली बसला.

वास्तविक हे वाक्य माझे नव्हतेच. काही वर्षांपूर्वी, मी खेड्यातून नवा कॉलेजात आलो तेव्हा, ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणालो म्हणून भर वर्गात मला असेच काहीतरी ऐकवण्यात आले होते. त्या दिवशी जेवण गेले नव्हते मला. इतके सगळे आठवत असून मी तेच केले. सासूने छळलेली सून पुढे सासू झाली की काय करते, ते आपण घरोघरी पाहतो. मास्तरांचेही तसेच असते.

दोन दिवसांनी तो मुलगा वर्गात दिसला नाही. मी हजेरीत शून्य मांडले आणि पुढचे नाव घेतले. त्याची निबंधाची वही तपासायच्या गठ्ठ्यात माझ्याकडेच पडून होती.

जानेवारीत त्यांचा नाताळ येतो, ७ तारखेला. त्याला ‘गेन्ना’ म्हणतात. त्या सणाला लालिबेला या गावी मोठी यात्रा भरते. आम्ही चौघांनी जायचे ठरवले. तिकिटे काढायला निजामाबादकर गेला. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, ‘अकरा वाजता गाडी.’ तो आपले घड्याळ सांगत होता की आमचे? निजामाबादकराला वाटले, परदेशी माणूस पाहून त्याने हिशेब करूनच सांगितले असेल. खिडकीवाल्याला वाटले, इतके महिने राहतात, यांना ठाऊक असेलच. आम्ही डबे बांधून सकाळी साडेदहाला स्टँडवर हजर! गाडी त्यांच्या अकराला, म्हणजे आपल्या पहाटे पाचला, निघून गेली होती. चेट्टन म्हणाले, “मी गणिताचा मास्तर आहे हे कृपा करून कुणाला सांगू नका.”

मग मिळेल त्या वाहनाने निघालो. आधी एक लहान गाडी, मग धान्याचा ट्रक. रस्ता खडीचा, एका अंगाला दरी. पठार चढत गेले तशी थंडी वाढली. अंधार पडता पडता गाशेना नावाच्या फाट्यावर पोचलो. तिथून लालिबेला साठ-पासष्ट किलोमीटर, आणि रात्री पुढे काही जात नव्हते. यात्रेकरूंनी सगळ्या खोल्या भरलेल्या. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या शाली पांघरलेले शेकडो लोक बसले होते. काही तर आठ-आठ दिवस अनवाणी चालत आलेले. आषाढीच्या वाटेवर आपण उभे आहोत असेच वाटले.

आम्ही कुडकुडत उभे असताना एक गृहस्थ जवळ आले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “मी प्राथमिक शाळेचा शिक्षक. तुम्हीही शिक्षक. माझ्या घरी चला.” एवढीच ओळख. घर मातीचे, गोल, वर गवताचे छप्पर. घरच्या बाईंनी आमच्यादेखत हिरवी कॉफी भाजली, कुटली आणि मातीच्या सुरईत उकळली. कॉफी मूळची त्याच देशाची. पाहुण्याला ती तीनदा द्यायची, अशी रीत आहे. तीन घोट झाल्याशिवाय उठणे म्हणजे घरधन्याचा अपमान.

त्या घराच्या भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला होता. त्यावर ओळीने अक्षरे. शिक्षकांची दोन मुले दिव्याच्या उजेडात काठीने अक्षर दाखवून घोकत होती: ‘ल, लु, ली, ला, ले, ल्, लो.’ मी कान टवकारले. ही तर बाराखडी! त्यांची भाषा अम्हारिक. तिच्या लिपीत तेहतीस मूळ अक्षरे आणि प्रत्येकाची सात रूपे, म्हणजे एकंदर दोनशे एकतीस. आपली बाराखडी, त्यांची सातखडी म्हणा! मी उत्साहाने म्हणालो, “मलाही वाचून पाहू द्या.” त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. पुढे अडलो. त्यांच्या भाषेत ‘क’ दोन आहेत. एक साधा, दुसरा घशातून झटका देऊन काढायचा. ‘त’ही तसेच दोन. मला फरक ऐकूच येईना, तर काढणार कोठून? मी चारदा म्हटले, चारदा चुकलो. मुले खुदकन हसली. माझे मित्रही हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी मुलांकडे एकदा नुसते पाहिले, माझे बोट धरले, अक्षरावर ठेवले आणि शांतपणे तो उच्चार पुन्हा केला. मग माझ्याकडून. पुन्हा त्यांनी. पुन्हा मी. सहाव्या की सातव्या वेळी जमले असावे. ‘इशी, इशी’ म्हणाले, म्हणजे ठीक, ठीक. आणि त्यांनीच पुढचे अक्षर दाखवले.

श्रोतेहो, मी एम.ए. झालेला प्राध्यापक. त्या गृहस्थांचे शिक्षण माझ्याहून कमी असणार. पण त्या रात्री शिक्षक कोण आणि अडाणी कोण, ते मला स्वच्छ कळले. मी घोंगडीत शिरलो, पण झोप येईना. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी निघताना मास्तरांनी तसलाच एक छापील तक्ता गुंडाळी करून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

लालिबेला पाहिले. त्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण आपण वेरूळच्या मुलखातली माणसे. तिथे डोंगराच्या दगडातून कोरून काढलेली अकरा ख्रिस्ती मंदिरे आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांत लालिबेला नावाच्या राजाने ती करविली असे मानतात. त्यातले संत जॉर्जचे मंदिर तर क्रुसाच्या आकाराचे, जमिनीत सुमारे बारा मीटर खोल. वरून पाहिले तर छप्पर आपल्या पायांच्या पातळीत दिसते. एकही दगड रचलेला नाही. नको तेवढा दगड काढून टाकला आणि उरले ते मंदिर. आपले वेरूळचे कैलास लेणे असेच, वरून खाली कोरत नेलेले. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकातले. म्हणजे लालिबेलाच्या आधी सुमारे साडेचारशे वर्षे. आणि हे राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. लातूरचा मित्र त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून बराच वेळ काही बोलेना. शेवटी म्हणाला, “आपण इतकी वर्षं लातूरला राहिलो, पण वेरूळ मी शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलं. तेही पळत-पळत.”

दुसरे एक नाते मला नंतर उमगले. इथिओपियाच्या पूर्व भागातून सोळाव्या शतकात एक पोरगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. तो मलिक अंबर. १६१० साली त्याने खडकी शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. त्याने नहर बांधून शहराला पाणी दिले आणि जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे, वेरूळच्या लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवर. लालिबेलाच्या देशातला माणूस कैलासाच्या शेजारी विसावला आहे. ज्वारी आली तशी माणसेही आली. परमुलूख म्हणतो तो इतका परका नसतो.

सुटी संपवून परत आलो आणि पहिल्यांदा त्या मुलाची चौकशी केली. वसतिगृहातल्या लिपिकाने वही चाळून सांगितले, “तो घरी गेला. सामान घेऊन.” गाव कोणते, ते डोंगरातले एक नाव होते, तिकडे गाडी जात नव्हती. खोलीतला मुलगा एवढेच म्हणाला, की त्याच्या बापाला नांगराला माणूस हवे होते. असेलही. एवढ्या एका प्रसंगाने मुलगा शिक्षण सोडतो असे नाही. घरची ओढ, गरिबी, कितीतरी कारणे असतात. पण उंबरठ्यावर घुटमळणाऱ्याला ढकलायला फार जोर लागत नाही.

त्याची वही माझ्याकडे होती. मी ती उघडली. इंग्रजी उताऱ्यातल्या प्रत्येक अवघड शब्दाखाली शिसपेन्सिलीने बारीक अम्हारिक अक्षरे लिहिलेली. तेव्हा ती मला वाचता येत नव्हती. गाशेन्याच्या मास्तरांचा तक्ता मी खोलीत टांगला आणि रोज रात्री दोन ओळी करू लागलो. महिन्याभरात लावून लावून वाचता येऊ लागले. ती अक्षरे म्हणजे त्या इंग्रजी शब्दांचे उच्चार होते. ‘बि-को-ज.’ ‘नॉ-ले-ज.’ पानेच्या पाने. ज्याला मी ‘तुला कुणी शिकवले का?’ असे विचारले, तो आपल्या लिपीच्या आधाराने एकटाच इंग्रजी शिकत होता. आणि हे मी ओळखायला हवे होते. कारण उदगीरच्या बाजूच्या त्या शाळेत, कंदिलापाशी बसून, मीही इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत असेच लिहीत होतो.

त्यानंतर दीड वर्ष मी तिथे शिकवले. शिकवण्याची रीत बदलली. उतारा वाचण्याआधी पाच-दहा मिनिटे मुलांनी आपसांत, आपल्या भाषेत, त्यावर बोलायचे. मला कळो न कळो. मग एकाने मोडक्या इंग्रजीत सांगायचे, आणि वाक्य पुरे होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचे नाही, मीसुद्धा नाही. हसले कुणी, तर त्याने तक्त्यावरचा तो झटक्याचा ‘क’ मला शिकवायचा, अशी शिक्षा! मग वर्ग हसे, पण मला. मुले बोलू लागली. सगळी फर्डी झाली असे सांगणार नाही. पण माना वर झाल्या. तो बाक मात्र रिकामाच राहिला.

२००९ साली मी परत आलो. कर्ज फिटले, बहिणीचे लग्न झाले. एके दिवशी बापूंना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “तुझ्या आज्याचंबी असंच झालं की.” आजोबा निजामी अमलात नांदेडच्या शाळेत होते. घरात मराठी, पुढच्या वर्गांना मात्र उर्दू माध्यम. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दू. उर्दू भाषा गोडच आहे. निजामाबादकराने मला तिची गोडी लावली. पण पोराला ती घरची नव्हती. आजोबा पाचवीत बसले आणि नांगराला लागले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, पण आजोबांची शाळा काही परत आली नाही. आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ तरुणपणी बाहेरून या मुलखात आले ते शिक्षक म्हणूनच, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत. बाहेरून आलेल्या मास्तराने कसे वागावे, याचा धडा माझ्या घराजवळच होता. तो मला गाशेन्याला जाऊन गिरवावा लागला.

आता तरुण मित्रांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. परदेशी शिकवायला जायची संधी आली तर जरूर जा. परंतु करारपत्र स्वतः वाचा. पगार कोणत्या चलनात, राहायला घर कोण देणार, परतीचे तिकीट कुणाचे, हे लिहून घ्या. दलाल पैसे मागत असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंद आहे का, ते आधी पाहा. कागदांच्या प्रती घरी ठेवा. आणि तिथली अक्षरे शिका, पोटापुरती नव्हे, मनापुरती. दुसऱ्याची बाराखडी गिरवताना आपण पुन्हा पहिलीत बसतो, आणि पहिलीत बसल्याशिवाय पहिलीतल्या पोराचे दुःख कळत नाही.

आज ती वाट पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२० च्या नोव्हेंबरात इथिओपियाच्या उत्तरेला युद्ध पेटले. २०२१ साली लालिबेलाही त्यात सापडले. २०२२ साली करार झाला, पण पुढच्याच वर्षी अम्हारा प्रांतात पुन्हा लढाई सुरू झाली. गाशेन्याचे मास्तर, त्यांची ती दोन मुले, आणि माझा तो विद्यार्थी यांचे काय झाले असेल, हा विचार बातम्या ऐकताना येतोच. तो मुलगाही आता चाळिशीकडे आला असेल. त्याची वही माझ्या कपाटात आहे. ती त्याला परत करायची राहून गेली.

शिक्षक बांधवांनो, उद्या तुमच्या वर्गात तांड्यावरचे, वाडीवरचे, गोंडी किंवा बंजारा बोलणारे एखादे मूल शेवटच्या बाकावर बसलेले असेल. ते ‘इस्कूल’ म्हणेल. वर्ग हसेल. त्या वेळी तुम्ही हसू नका. त्याची वही उघडून पाहा. शब्दांखाली त्याने काही लिहिले आहे का, ते बघा. आणि लिहिले असेल तर त्याला म्हणा, “बरोबर चाललं आहे तुझं. पुढचं अक्षर घे.”